बारा बेडकांचा श्रावण

“घोरपडे, हे बेडूक जागे होते की तुम्ही झोपला होतात?”

बेलसरे मॅडमनी माझ्या आलेखाचा कागद दोन बोटांत धरला होता. मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलतात, तसा.

“बेडूक जागे होते, मॅडम.”

“मग आकडा झोपलेल्या बेडकाचा कसा?”

“कंटाळले असतील.”

मॅडमनी कागद टेबलावर सोडला. त्या ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. त्या नुसता चष्मा काढून पुसायला लागत, आणि तो पुसून होईपर्यंत समोरच्यानं स्वतःच स्वतःचा अपमान करून घ्यायचा, अशी पद्धत होती.

“वनखात्यानं अठ्ठेचाळीस बेडकांची परवानगी दिली होती. शेवटचे बारा तुम्ही वाया घालवलेत. तुमच्या हाताला कंप आहे का?”

“नाही, मॅडम.”

“असायला हवा,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. पाचवं वर्ष होतं. आडनाव घोरपडे आणि काम बेडकांवर, त्यामुळे घोरपड बेडूक खाते हा विनोद विभागात प्रत्येकानं मला स्वतंत्रपणे सांगितला होता, आणि प्रत्येकाला तो आपणच शोधला असं वाटलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. आमच्या सोलापूरकडच्या भागात काही बेडूक उन्हाळ्यात स्वतःला जमिनीत पुरून घेतात आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहतात. खाणं नाही, पिणं नाही, कुणाशी बोलणं नाही. मॅडमचा सिद्धांत असा, की झोप लागली की बेडकाचं शरीर प्रथिनं बनवायचा कारखाना जवळपास बंद करतं, कारण शरीराची बरीचशी ऊर्जा तिथंच जळते. हा खर्च मी मोजत होतो. बेडकाच्या यकृताची पातळ चकती काचेच्या छोट्या भांड्यात ठेवायची, ती किती ऑक्सिजन ओढते ते बघायचं. मग प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टाकायचं आणि पुन्हा बघायचं. ऑक्सिजन जितका कमी लागला, तितका प्रथिनांचा खर्च. घरातला एक माणूस गावाला पाठवून गॅस किती दिवस जास्त चालतो ते बघावं, तसं. फक्त इथं गावाला गेलेला परत येत नाही.

मे महिन्यात मातीच्या कुंड्यांमध्ये झोपलेले चोवीस बेडूक झाले. खर्च शंभरात नऊ. जुलैमध्ये टाक्यांतले जागे, खाऊनपिऊन असलेले बारा झाले. खर्च शंभरात चोवीस. मॅडम त्या दिवशी माझ्याकडे बघून हसल्या होत्या. मी तारीख लिहून ठेवली आहे. मग पाऊस लांबला, बेडूक उशिरा मिळाले आणि जाग्यांचे राहिलेले बारा सप्टेंबर उजाडता उजाडता झाले. खर्च शंभरात दहा.

म्हणजे टक्क जागा, टाकीत उड्या मारणारा, मला बघून तोंड फिरवणारा बेडूक, आणि त्याचं यकृत मात्र झोपलेल्याचा हिशेब देत होतं.

“मंगळवारी समितीपुढं सादरीकरण आहे,” मॅडमनी चष्मा घातला. “हे बारा काढून टाका. तांत्रिक बिघाड लिहा.”

“बिघाड कसला लिहू?”

“तुमचा,” त्या म्हणाल्या. “तीस सप्टेंबरला तुमची नोंदणी संपते. दोन मुदतवाढी खाल्ल्यात. तिसरी नाही. माझी सही नसेल तर प्रबंध जात नाही, आणि प्रबंध गेला नाही तर तुम्ही पाच वर्षं इथं बेडूक मारायला येत होता, एवढंच शिल्लक राहतं.”

हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. कपाटापलीकडून कुणीतरी खोकलं.

कपाटांबद्दल सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेच्या मधोमध लोखंडी कपाटांची रांग होती. अलीकडे बेलसरे मॅडम, पलीकडे शिरगुप्पे सर. दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. कारण हेच बेडूक. मॅडम म्हणायच्या, बेडूक झोपतो म्हणून काटकसर करतो. सर म्हणायचे, उपाशी ठेवलं की कुणीही काटकसर करतो, त्यासाठी झोपायची काय गरज? एवढ्यावरून माणसं बोलायची थांबतात का, असं कुणी विचारेल. आमच्या विभागात थांबतात. फ्रिज एकच होता, तर त्यातला वरचा कप्पा यांचा, खालचा त्यांचा. आणि बर्फाचा ट्रे वरच्या कप्प्यात असल्यामुळे शिरगुप्पे सरांनी अकरा वर्षं बर्फ समोरच्या उसाच्या गुऱ्हाळातून आणला. अगदीच आठ-दहा शब्द बोलायचे झाले तर ते हत्तरगीमामांमार्फत जात. हत्तरगीमामा आमचे प्रयोगशाळा परिचर. ते अलीकडून पलीकडे जात, “मॅडम म्हणत्यात वजनकाटा मोकळा करा,” असं सांगत आणि उत्तर घेऊन येत. उत्तर सहसा आणण्यासारखं नसे. मामा ते गाळून आणत.

त्याच दुपारी प्राणिघराच्या दाराखालून एक गांडूळ बाहेर येत होतं. मी त्याला वाट दिली. मागून दुसरं आलं. मग तिसरं, चौथं. मी दार उघडलं तर कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिंपाचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं आणि काठावरून गांडुळं शिस्तीत खाली उतरत होती. बेडकांच्या खाण्यासाठी आम्ही ती शेणमातीत वाढवायचो. मामा मोरीपाशी रिकाम्या टाक्या घासत बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात काथ्या.

“मामा, गांडुळं पळायलीत.”

“लई झालीत. जागा पुरंना त्यांना.”

“का पुरंना? बेडूक खात होते की.”

मामा घासत राहिले.

“मामा?”

“श्रावण होता की ओ.”

मी पिंपाकडं बघितलं, मामांकडं बघितलं. काहीतरी कळत होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं.

“श्रावणात मी जीव घालत नाही,” मामा म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला. अकरा महिने घालतो, देवाला सांगून घालतो. एक महिना नाही.”

“आतापर्यंत कुणाला कळलं कसं नाही?”

“श्रावणात बेडूक असतात कुठं तुमच्याकडं? दरसाली जुलैत संपवताव. अवंदा तुमालाच उशीर झाला.”

“मग बाराच्या बारा बेडकांनी महिनाभर खाल्लं काय?”

“साबुदाणा दिलता.”

“साबुदाणा.”

“भिजवून. रोज अकराला. जे मी खाल्लं तेच त्यांना. आपण खायचं आन मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं, असलं करत नाही मी.”

“मामा, बेडूक हलणारीच वस्तू खातो. जे हलत नाही ते त्याला खाणं वाटतच नाही.”

“माहितंय मला. पहिल्या दिवशी चमच्यानं हलवून बघितलं.”

“मग?”

“चमचा खायला आला.”

मी भिंतीवरची नोंदवही काढली. पानोपानी, रोजच्या तारखेला, ‘खाद्य दिले’ या रकान्यात मामांची ठसठशीत बरोबरची खूण.

“हे काय आहे? खाद्य दिले!”

“दिलं की. खाल्लं असं कुठं लिहिलंय?”

शेजारच्या रकान्यात ‘संशोधकाची सही’ होती. ती रोज अकरा वाजता, प्राणिघरात उभं राहून, बेडूक खाताना बघून करायची असते. मी ती महिन्यातून एकदा, कँटीनमध्ये, वही मागवून करायचो. चहाचा एक गोल डाग पंधरा ते अठरा ऑगस्ट एवढ्या तारखांवर होता. सही बाकी सगळीकडे माझी होती.

आणि बेडूक मीच उघडले होते. एक नाही, बारा. यकृताला लागूनच पोट असतं. एकाचंही पोट मी बघितलं नव्हतं, कारण आमच्या विषयात पोट नव्हतं.

मी पिंपावर बसलो. झाकण त्यामुळे नीट बसलं. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की हा बिघाड नव्हताच. जागा आणि पोटभर खाल्लेला बेडूक, चोवीस. झोपलेला आणि उपाशी, नऊ. जागा आणि उपाशी, दहा. म्हणजे खर्च झोपेनं उतरत नव्हता, भुकेनं उतरत होता. पाच वर्षांत माझ्या हातून एकच खरी गोष्ट सापडली होती, तीही साबुदाण्यामुळे, आणि ती कपाटापलीकडच्या माणसाची होती.

मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी चष्मा काढला नाही.

“कुणाला बोललात?”

“गांडुळांना माहीत आहे.”

“घोरपडे.”

“कुणाला नाही, मॅडम.”

“नीट ऐका. बेडकांनी काय खाल्लं ते कुणी पाहिलं नाही. टाकीत झुरळं शिरतात, माश्या पडतात. एखाद्यानं चार खाल्ली, एखाद्यानं एकही नाही. ज्या गोष्टीची नोंद नाही ती प्रयोगात नव्हती. हे विज्ञान आहे.” मग जरा थांबून, “शिवाय त्या माणसाला मी अकरा वर्षांनी बरोबर ठरवायचं असेल, तर ते एका शिपायाच्या उपासानं ठरवणार नाही.”

पहिला भाग खरा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या भागासाठी पहिला सांगितला होता, हेही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सादरीकरण सुरू झालं. समितीत तिघंच: अध्यक्ष प्राचार्य मोहोळकर, मार्गदर्शक म्हणून बेलसरे मॅडम, आणि विषयतज्ज्ञ म्हणून शिरगुप्पे सर, कारण शंभर किलोमीटरच्या आत बेडकाच्या यकृताबद्दल मत असलेला दुसरा माणूस नव्हता. प्राचार्यांचा विषय अर्थशास्त्र. त्यांना प्रथिनं म्हणजे डाळ एवढं माहीत होतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगत.

मी छत्तीस बेडकांचे आकडे दाखवले. चोवीस झोपलेले, बारा जागे. पडद्यावर दोन खांब, एक बुटका, एक उंच. मॅडम खांबांकडे बघत होत्या, लग्नातल्या फोटोकडे बघावं तशा.

शिरगुप्पे सरांनी पेन वर केलं. “प्राचार्य, जरा विचारा, परवानगी किती बेडकांची होती?”

“किती हो?” प्राचार्यांनी मॅडमना विचारलं.

“सांगा त्यांना, अठ्ठेचाळीस.”

“अठ्ठेचाळीस म्हणतायत.”

“ऐकू आलं. मग बारा कुठं गेले ते विचारा.”

“त्यांना सांगा, तांत्रिक बिघाड.”

“विचारा, बिघाडाचं नाव काय?”

प्राचार्यांची मान टेनिस बघावं तशी हलत होती. त्यांनी ती मध्यावर माझ्याकडे आणून थांबवली. “घोरपडे, तुम्हीच सांगून टाका एकदाचं. चहा यायचाय.”

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मला अजूनही नीट सांगता येत नाही की मी का बोललो. धाडस म्हणावं, तर मला ते कधी होतं असा पुरावा नाही. तोंडात आलेलं वाक्य गिळता येत नाही, हा माझा जुना आजार.

“त्यांचा श्रावण होता, सर.”

प्राचार्य हसले. शिरगुप्पे सर हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

“परत बोला.”

मग मी सगळं सांगितलं. साबुदाणा, चमचा, चोवीस, नऊ, दहा. दहा म्हटल्यावर शिरगुप्पे सर उभे राहिले. खुर्ची मागं पडली, ती त्यांनी उचलली नाही. ते अकरा वर्षांनी पहिल्यांदा थेट मॅडमकडे वळले.

“बाई, जागा! जागा आणि उपाशी! दहा! काय सांगत होतो मी?”

“तुम्ही काय सांगत होतात ते मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी ऐकत नव्हते.”

“तुमचा बेडूक झोपेनं नाही, भुकेनं मरतुकडा झाला होता!”

“आणि तुम्ही तो उपास ठरवला होता का? कधीपासून, किती दिवस, कुणी तपासला? एका माणसाच्या धर्मावर तुम्ही आलेख काढणार?”

“आलेख आलाय! तुम्ही तो लपवायला लावलात!”

“चहा कुठाय?” प्राचार्य म्हणाले.

चहा आलाच. मामा किटली आणि पाच कप घेऊन आत आले, आणि सगळ्यांचा आवाज एकदम बंद झाला. मामांनी चार कप भरले. शिरगुप्पे सरांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि बसले. त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता आणि मला तो आवडला नाही.

“प्राचार्य, मार्ग आहे. उपाशी गट हा मुद्दाम ठेवला होता असं लिहायचं. तिसरा गट. उत्तम प्रयोग होतो. मॅडमना सही करायची नसेल तर राहू द्या. मार्गदर्शक बदलाचा अर्ज घोरपडेंनी आजच द्यावा, मी घेतो. तीस तारखेच्या आत प्रबंध जाईल.” मग ते मामांकडे वळले. “मामा, श्रावणात गांडुळं घालू नका असं तुम्हाला घोरपडेंनी सांगितलं होतं, हो ना?”

खोलीत पाच माणसं होती आणि त्यातल्या तिघांना त्या प्रश्नाला ‘हो’ हवं होतं. शिरगुप्पे सरांना हवं होतं. प्राचार्यांना हवं होतं, कारण मग उठता आलं असतं. मला तर इतकं हवं होतं की माझीच मान हलली. ‘हो’ म्हटलं असतं तर मामांनी सांगितलेलं काम केलं असं झालं असतं, त्यांच्यावर काही आलंच नसतं. नोकरीचे चौदा महिने राहिले होते त्यांचे.

मामांनी किटली खाली ठेवली.

“नाही.”

“आठवून सांगा.”

“आठवायचं काय त्यात? हे तर यायचेच नाहीत प्राणिघरात. हे काय सांगतील?”

“मामा,” मी म्हणालो, “मी बोललो असेन. जुलैच्या शेवटी. जाता जाता.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता. मी पाच वर्षांत त्यांना कधी रागावलेलं बघितलं नव्हतं, शिरगुप्पे सरांनी मॅडमसाठी दिलेले निरोप नेतानासुद्धा नाही.

“माझा उपास तुमच्या सांगण्यावरचा आहे का ओ? अठ्ठावीस वर्षं मी तुमची वाट बघत बसलो होतो काय? मी माझ्या देवाला शब्द दिलाय. तो तुमी प्रयोगात घालणार, आन वर म्हणणार मी सांगितलं. लाज वाटू द्या जरा.”

“अहो, तुमच्याच फायद्याचं आहे,” शिरगुप्पे सर म्हणाले.

“फायद्यासाठी केला असता तर उपास कशाला म्हटलं असतं त्याला?”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा घातला आणि पुढ्यातल्या पॅडवरचा एक कोरा कागद काढला. “मग दुसरं काही उरत नाही. परिचरानं परवानगीशिवाय खाद्य बंद ठेवलं आणि नोंदवहीत दिल्याची खूण केली. हलगर्जीपणा. घोरपडे तक्रार देतील, तक्रारीच्या आधारे बारा बेडूक रीतसर बाद होतील. काही लपवलं असं कुणी म्हणायला नको.” शेवटचं वाक्य त्या शिरगुप्प्यांकडे न बघता त्यांना म्हणाल्या.

“नोंदवहीत सही कुणाची आहे ते विचारा,” शिरगुप्पे सर म्हणाले. ते पुन्हा प्राचार्यांमार्फत बोलायला लागले होते.

“माझी आहे,” मी म्हणालो.

“संशोधक विश्वासावर सही करतो,” मॅडम म्हणाल्या. “विश्वासघात झाला, असं लिहिते.”

“बेडूक साबुदाणा खातो का पण?” प्राचार्यांनी मामांना विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ते तुमी शिकवताव,” मामा म्हणाले. “मी वाढपी.”

मॅडम लिहीत होत्या. त्यांचं अक्षर सुंदर होतं. मी तिथं उभं राहून तीन रस्ते मोजत होतो. सरांचा रस्ता मामांनी बंद केला होता. मॅडमचा उघडा होता. तिसरा म्हणजे खरं तेच लिहायचं: उपास ठरवलेला नव्हता, घडला, मी बघितला नाही, आकडा हा आला. तो प्रबंध वाचायला चांगला झाला असता, पण त्यावर सही करणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मॅडम खरं नको म्हणून करणार नव्हत्या. शिरगुप्पे सरांना मी तसं विचारलंही, तेव्हा ते म्हणाले, “छे छे, असं लिहिलं तर लोक हसतील. ठरवलं होतं असंच लिहावं लागेल.”

मॅडमनी कागद वाचून दाखवला. आठ ओळी होत्या. “निष्काळजीपणे”, “हेतुपुरस्सर”, “संशोधनाची अपरिमित हानी”. निष्काळजीपणे आणि हेतुपुरस्सर हे एकाच वाक्यात होतं, पण भाषेचा विषय कुणाचाच नव्हता.

“मामांची चौकशी होईल?” मी विचारलं.

“नियमाप्रमाणं,” प्राचार्य म्हणाले. “निलंबन आधी, चौकशी नंतर. क्रम तसाच असतो.”

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. चौकशी सोळा महिने चालली, मामांच्या राहिलेल्या नोकरीपेक्षा दोन महिने जास्त, म्हणजे ते निलंबितच निवृत्त झाले. निकाल काय लागला ते विचारायला मी गेलो नाही. प्रबंध अठ्ठावीस सप्टेंबरला गेला. छत्तीस बेडूक, दोन खांब. बाहेरच्या परीक्षकांनी मांडणी नेटकी आहे असं म्हटलं. तीन वर्षांनी शिरगुप्पे सरांनी नवी परवानगी काढून मुद्दाम उपाशी ठेवलेल्या जाग्या बेडकांचा प्रयोग केला, रीतसर, रोजची नोंद ठेवून, आणि तो छापून आला. त्यांचा आकडा दहा पूर्णांक दोन. आता मी एका कॉलेजात शिकवतो. उन्हाळी झोपेचा धडा येतो तेव्हा सरांचा आलेख फळ्यावर काढतो, माझा नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, तुमची पीएच.डी. याच्यातच आहे ना?” मी म्हटलं, बेडूक तेच होते.

पण त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी फरक पडला असता असं मी म्हणणार नाही.

मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं. मी पेन उचललं. खाली ठेवलं. चहाचा कप उचलला, तो रिकामा होता.

“काय वाचायचंय त्यात?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्याच बाजूचं आहे.”

“मॅडम, यात मामा एकटेच आहेत.”

“मग तुमचं नाव घालू? घालते. पण मग कुणाची डिग्री आहे ते ठरवा.”

शिरगुप्पे सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना घाई नव्हती. त्यांचा आकडा त्यांना मिळाला होता. प्राचार्यांनी घड्याळाकडं बघितलं.

तेवढ्यात मामांचा हात टेबलावर आला. हाताला राखेचा आणि मोरीचा वास होता. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

“मामा, तुमची सही लागत नाही यावर,” प्राचार्य म्हणाले.

“आठ ओळी माझ्यावर लिहिल्यात, एक मी लिहितो.”

त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, नोंदवहीत खुणा करायचं, तेच. उभ्यानंच, वाकून, मोठ्या अक्षरात, एकेक शब्द ओठांनी म्हणत त्यांनी लिहिलं: ‘वरील मजकुरातील खाद्य बंद ठेवल्याचे खरे आहे. पुढील श्रावणातही हेच करीन.’ खाली पूर्ण नाव. गुरुलिंग शिवप्पा हत्तरगी. तारीख. मग कागद माझ्याकडे फिरवला, मला वाचायला सोपा जाईल असा, आणि आपल्या सहीच्या शेजारी बोट टेकवलं.

“इथं करा. जागा सोडलीय.”

मी केली.